मुलीची नवी दाढ पिवळी आणि भुसभुशीत, डॉक्टर म्हणाल्या इनॅमलमध्ये प्रोटीन राहून गेलंय – जाणकारांनी सांगा

मानेवाड्याची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी साडेसहाची आहे. दुधाचे दात एकदम चांगले, एकही कीड नाही, आणि आता मागे खालची पहिली पक्की दाढ आली ना, ती येतानाच पिवळी आली. म्हणजे पूर्ण नाही, वरच्या अर्ध्या भागात पिवळा-तपकिरी डाग आणि त्याची कड इतकी स्पष्ट की इथे डाग सुरू, इथे संपला असं दाखवता येईल. बाजूचा भाग पांढरा चकचकीत. थंड पाणी प्यायली की गाल धरून बसते, ब्रश त्या बाजूला लावूच देत नाही. परवा पोळी खाताना त्या डागाचा एक कोपराच उडाला, आता तिथे खड्डा आहे.

आधी एका ठिकाणी दाखवलं तर तिथे मलाच ऐकवलं, चॉकलेट देता, रात्री ब्रश करून घेत नाही म्हणून. खूप वाईट वाटलं, कारण मी खरंच काळजी घेते. मग दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी हवा मारून दाढ कोरडी केली, लाइटखाली नीट पाहिली आणि म्हणाल्या ही कीड नव्हे, याला एमआयएच म्हणतात, दाढ बनत असताना इनॅमलमधून प्रोटीन निघून जायला पाहिजे होतं ते राहून गेलं. बाहेर पेशंटची रांग होती म्हणून जास्त विचारता आलं नाही. मला शाळेत एवढंच शिकवलं होतं की इनॅमल म्हणजे दातावरचं कॅल्शियमचं कवच. त्यात प्रोटीन कुठून आलं? आणि राहून गेलं असेल तर आता काढता येतं का?

जिमवाला_पोट्टा

ताई मले तं हे उलटंच वाटून राहिलं. प्रोटीन म्हणजे मजबुती न? मी तं रोज दोन स्कूप घेतो. दातात प्रोटीन जास्त असलं तं दात अजून चांगला पाहिजे, खराब काहून होईल?

दातांचा_मास्तर

मी ओरल पॅथॉलॉजी, म्हणजे तोंडाच्या-दातांच्या आजारांचं शास्त्र, शिकवायचो, आता निवृत्त आहे, पण हा विषय निघाला की राहवत नाही म्हणून जरा लांब लिहितो.

ताई, पहिले एक गोष्ट मनातून काढून टाका. ती दाढ तुमच्या चॉकलेटने किंवा ब्रशने अशी झालेली नाही. पहिल्या पक्क्या दाढेचं इनॅमल बाळाच्या जन्माच्या आसपास बनायला लागतं आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत बनून होतं. मग ती दाढ हिरडीखाली हाडात थांबून असते आणि सहाव्या वर्षाच्या आसपास वर येते. म्हणजे आज जो डाग दिसतोय तो पहिल्या दोन-तीन वर्षांतला आहे, दाढ तोंडात यायच्या आधीपासूनचा. तिथे ब्रश पोचायचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी तुम्हाला ऐकवलं त्यांनी हे बघायला पाहिजे होतं, अशा आयांना दोष देणं मला अजिबात पटत नाही.

आता प्रोटीन. तयार इनॅमलमध्ये वजनाने ९६ टक्क्यांच्या आसपास खनिज असतं, हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. बाकी थोडं पाणी आणि प्रोटीन जेमतेम १ टक्का. शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काहीच नाही. पण सुरुवातीला ते असं नसतं. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी आधी जो थर टाकतात तो मऊ असतो, त्यात खनिज साधारण एक तृतीयांश आणि बाकी सगळं पाणी आणि प्रोटीन. त्या प्रोटीनमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास एकटं अमेलोजेनिन, उरलेल्यात अमेलोब्लास्टिन आणि इनॅमेलिन ही महत्त्वाची.

घराचा स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात, ते नसेल तर स्लॅबला आकार येत नाही, आणि काम झाल्यावर काढलं नाही तर घर वापरता येत नाही. अमेलोजेनिनचं तसंच आहे. फरक एवढाच की इथे सेंट्रिंग एकदम शेवटी निघत नाही, काढता काढता त्याच जागेत माल भरला जातो.

होतं असं की पहिल्या टप्प्यात स्फटिक फक्त लांबीला वाढतात, खूप लांब आणि अतिशय पातळ. मधलं प्रोटीन त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं, आडवं फुगू देत नाही, त्यामुळे हजारो स्फटिक एका दिशेने शिस्तीत उभे राहतात. इनॅमलची पूर्ण जाडी झाली की दुसरा टप्पा. दोन एन्झाइम आहेत, एमएमपी२० पहिल्यापासून प्रोटीनची काटछाट करत असतं, आणि मग केएलके४ येतं ते उरलेल्याचे बारीक तुकडे करतं. ते तुकडे पेशी परत ओढून घेतात, रिकाम्या जागेत कॅल्शियम-फॉस्फेट जातं आणि स्फटिक जाड होत होत एकमेकांना भिडतात. हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा जास्त वेळ चालतो.

मग प्रोटीन जिथून निघालंच नाही तिथे स्फटिक जाड होणार कुठे? जागाच नाही. तिथलं इनॅमल सच्छिद्र राहतं, रंग पिवळट दिसतो, चावलं की उडतं, थंड पाणी दाताच्या आतल्या शिरेपर्यंत झोंबतं. तुमच्या लेकीच्या दाढेत तेच दिसतंय.

पोट्ट्या, तुझं उत्तर: पावडरचं प्रोटीन स्नायूला जाईल, इनॅमलला नाही. दात वर येताना अमेलोब्लास्ट पेशी संपतात. हाडात जिवंत पेशी असतात, हाड मोडलं तर जुळतं, इनॅमलमध्ये एकही पेशी उरत नाही. तू काहीही खा, नवीन इनॅमल शरीर बनवणार नाही.

जिमवाला_पोट्टा

अरे बाप्पा. म्हणजे जे हाय तेच जन्मभर पुरवायचं? सर मग ते १ टक्का तरी काहून ठेवलं, तेही काढून टाकलं असतं तं अजून कडक झाला असता न दात.

दातांचा_मास्तर

चांगला प्रश्न आहे. नुसतं कडक असून भागत नाही, ठिसूळ होतं. आपण जन्मभर त्या दातांनी सुपारी फोडतो, चणे खातो. उरलेलं थोडंसं प्रोटीन स्फटिकांच्या आणि त्यांच्या जुड्यांच्या मधे असतं, तडा गेला की तो सरळ आरपार जात नाही, अडतो, वळतो. प्रयोगात इनॅमलमधून ते थोडंसं प्रोटीनही काढून टाकलं तर ते लवकर तडकतं असं दिसलेलं आहे. म्हणजे बहुतेक सगळं गेलं पाहिजे आणि किंचित राहिलं पाहिजे.

बालदंत_धरमपेठ

मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे. सरांनी जे सांगितलं ते सगळं मान्य, फक्त एमआयएचबद्दल एक भर घालते कारण ताईंच्या मुलीला तेच आहे.

एमआयएच म्हणजे मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, पहिल्या पक्क्या दाढा आणि कधी कधी पुढचे दात. हे नाव २००१ मध्ये ठरलं. त्या डागात प्रोटीन नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त सापडतं हे खरं, पण ते बहुतेक करून सेंट्रिंगचं नसतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संशोधकांनी हे डाग तपासले तेव्हा त्यात अमेलोजेनिन फारसं उरलेलं नव्हतं, अल्ब्युमिन भरपूर होतं. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन. ते दाढ बनताना आत झिरपतं आणि स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ तिथेच थांबवतं. म्हणून डागाची कड इतकी स्पष्ट असते, जिथपर्यंत ते पोचलं तिथपर्यंत नुकसान, बाजूला चांगलं इनॅमल.

ते का झिरपलं याचं एक कारण हातात आलेलं नाही. पहिल्या तीन वर्षांतले आजार, ताप, बाळंतपणाच्या वेळचा त्रास, आनुवंशिकता, असं बरंच काही जोडलं जातं. त्यामुळे ताई, तेव्हा काय चुकलं हे शोधत बसू नका, त्यातून काही हाती लागत नाही.

"आता काढता येतं का" याचं उत्तर, आतलं अडकलेलं प्रोटीन काढून तिथे पुन्हा चांगलं इनॅमल भरणं आज जमत नाही. पण दाढ वाचवता येते आणि वाचवायलाच पाहिजे. डाग नुसता असेल, खड्डा नसेल तर फ्लोराइड वार्निश, वरून ग्लास आयनोमर सिमेंटचा लेप. तुमच्या मुलीचा कोपरा उडालाय म्हणजे दाढ उघडी पडायला लागली, अशा वेळी मी बहुतेक स्टीलची टोपी बसवते, लहान मुलांत ती खूप चांगली टिकते आणि झोंबणं बंद होतं. दाताच्या रंगाचं फिलिंग करायचं तर एक अडचण आहे, या डागावर ते धरत नाही, कारण तिथे प्रोटीन आहे आणि फिलिंगला धरायला स्वच्छ खनिज लागतं. म्हणून काही जण आधी सोडियम हायपोक्लोराइटने तो भाग धुऊन घेतात. कधी फायदा होतो, कधी विशेष नाही. शक्यतो फिलिंगची कड चांगल्या इनॅमलपर्यंत नेलेली बरी.

आणखी एक, या दाढा लवकर सुन्न होत नाहीत. मूल ओरडलं तर ते नाटक करत नाहीये, त्याला खरंच दुखतंय. डॉक्टरला आधी सांगून ठेवा.

मानेवाड्याची_आई

डॉक्टर ताई, सर, खूप खूप आभार. सेंट्रिंगचं वाचून डोक्यात प्रकाश पडला, आमचे हे बांधकामातलेच आहेत, त्यांनाही वाचून दाखवलं. टोपीबद्दल विचारणार आहे. घरी तोवर काय करू, ब्रश लावूच देत नाही ती.

बालदंत_धरमपेठ

कोमट पाण्याने चूळ भरायला द्या, थंड नको. ब्रश एकदम मऊ, तोही कोमट पाण्यात बुडवून. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, थुंकून टाकायला लावायची आणि नंतर खूप चुळा भरायच्या नाहीत. सीपीपी-एसीपी नावाची क्रीम मिळते, दुधातल्या केसीन प्रोटीनपासून बनलेली, मेलबर्नला तिचा शोध लागला, ती कॅल्शियम-फॉस्फेट विरघळलेल्या अवस्थेत दातापाशी धरून ठेवते. झोंबणं कमी व्हायला काही मुलांना उपयोग होतो. दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र अजिबात लावायची नाही.

पांढरकवडा_ते_नागपूर

मी हा धागा रात्रभर वाचून राहिलो कारण माह्या दाताची गोष्ट याच्यातच हाय. आमच्या गावाकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. लहानपणी कोणाले मालूम नव्हतं. वर्गात अर्ध्याच्या वर पोट्टेपोट्टी अशी, समोरच्या दातावर आडवे तपकिरी पट्टे. मी इथं शिकायले आलो तं होस्टेलमधले पोरं म्हणे तंबाखूचा खर्रा खाते का बे तू. मी कधी हात नाही लावला खर्र्याले. फोटोत तोंड मिटून हसायची सवय लागली ते अजून गेली नाही. लग्न जुळवायच्या टायमाले पण दाताचा विषय निघाला, असं आमच्या गावात बऱ्याच पोरींसोबत झालं, आईबाप म्हणते नशीब.

मले विचारायचं हाय सर, यातही प्रोटीनचाच मामला हाय का? का फ्लोराइडनं दाताले रंग चढते?

दातांचा_मास्तर

भाऊ, तुमच्या प्रश्नावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवायचो, कारण विदर्भात शिकून डॉक्टर झालेल्या पोराला हे आलंच पाहिजे.

रंग चढत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. इथे खरोखर सेंट्रिंगच अडकतं. दाताच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे प्रोटीन काढून स्फटिक जाड करायच्या वेळी, रोजच्या पाण्यातून फ्लोराइड जास्त जात असेल तर अमेलोजेनिन निघायला उशीर होतो. दात वर यायची वेळ येते आणि काम अर्धवट राहतं. वरचा अगदी पातळ थर बऱ्यापैकी भरतो, त्याच्या खालचा भाग सच्छिद्र. म्हणून फ्लोरोसिसचा, म्हणजे जास्त फ्लोराइडने असा बिघडलेला, दात वर येतो तेव्हा आधी तपकिरी नसतो, पांढरट, निस्तेज, ढगाळ असतो. तपकिरी रंग नंतर तोंडात आल्यावर छिद्रांमधून शिरतो, चहा, हळद, जे काही असेल ते. घासून तो जात नाही कारण तो आत आहे.

पट्टे आडवे का, तेही सांगतो. इनॅमल रोज थोडं थोडं बनतं, दिवसाला साधारण ४ मायक्रॉन. दाताचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की प्रत्येक दिवसाची बारीक आडवी रेघ दिसते, आणि दर आठवड्याच्या आसपास एक ठळक रेघ. दुधाच्या दातात आणि पहिल्या पक्क्या दाढेत तर जन्माच्या वेळची रेघ असते, तिच्या आतलं इनॅमल आईच्या पोटातलं, बाहेरचं जन्मानंतरचं. पहिल्यांदा ती रेघ दाखवली की अख्खा वर्ग शांत व्हायचा. तर फ्लोरोसिसचे पट्टे या वाढीच्या रेघांना धरून जातात, आणि एकाच काळात बनलेल्या डाव्या-उजव्या दातांवर सारखेच दिसतात.

ताई, यावरूनच तुमच्या मुलीचं फ्लोरोसिस नाही हे कळतं. फ्लोरोसिस पसरट, दोन्ही बाजूंना सारखं. एमआयएच एखाद्या दाढेवर खूप, दुसरीवर नाही, आणि कड स्पष्ट.

पाण्याचा_हिशोब

पाणी तपासणीच्या कामात आयुष्य गेलं म्हणून या भागावर लिहितो. नागपूर शहराला पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे धरण-नदीचं, त्यात फ्लोराइडची चिंता नसते. प्रश्न खोल बोअरचा. कठीण खडकातून पाणी वर्षानुवर्षं मुरतं आणि त्या खडकातल्या खनिजांतलं फ्लोराइड घेऊन येतं. यवतमाळ, चंद्रपूर आणि आपल्या नागपूर जिल्ह्याच्याही काही गावांत हे आहे. गंमत म्हणजे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, लोक खूश. शेजारी शेजारी दोन बोअर असतात आणि दोन्हीचे आकडे वेगळे येतात, म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टवर विसंबू नका.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. याच्या वर पाणी असेल तर लहान मुलांना ते देऊ नये, विशेषतः ८ वर्षांच्या आतल्यांना, कारण तोवर तोंडात दिसणाऱ्या जवळपास सगळ्या पक्क्या दातांचं इनॅमल बनत असतं.

लोक एक चूक हमखास करतात, पाणी उकळतात. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. साध्या कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओने जातं. गावपातळीवर नळगोंडा पद्धत आहे, नाव तेलंगणातल्या नळगोंडा जिल्ह्याचं असलं तरी ती बसवली आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने. पाण्यात तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर टाकून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, त्या गाळासोबत फ्लोराइड खाली जातं. स्वस्त आहे, पण प्रमाण रोज नीट सांभाळावं लागतं आणि गाळ कुठे टाकायचा तेही पहावं लागतं, त्यातच बऱ्याच ठिकाणी योजना बंद पडते.

तपासणीला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. नमुना काचेच्या बाटलीत नेऊ नका, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्या, त्याच पाण्याने आधी विसळून. हातपंप असेल तर थोडा वेळ पाणी काढून मग भरा.

पांढरकवडा_ते_नागपूर

सर, भाऊ, दोघायचेही आभार. इतके वर्षं मी समजत होतो का बाहेरून रंग बसला, कितीकदा राखेनं घासले, मिठानं घासले. भाचा दीड वर्षाचा हाय, गावातच हाय. येत्या रविवारी बाटली घेऊन जातो.

बालदंत_धरमपेठ

घासू नका आता. डाग फार खोल नसतील तर मायक्रोअब्रेजन (डॉक्टरने वरचा अगदी पातळ थर काढणं), ब्लीचिंग, रेझिन इन्फिल्ट्रेशन असे उपाय आहेत, खोल असतील तर व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ आवरण. इन्फिल्ट्रेशनमध्ये त्या सच्छिद्र भागात पातळ रेझिन शिरवतात, छिद्रं भरली की ढगाळपणा कमी दिसतो. इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा, खर्च आटोक्यात राहील.

खामल्याचा_भाऊ

आमच्या घरी तिसराच प्रकार. वडील, काका, मी, तिघांचेही दात लहानपणापासून पिवळे, बारीक, इनॅमल नावालाच. सगळेच दात, दुधाचेही. पाणी नळाचंच. माझ्या बहिणीचे तसे नाहीत, तिच्या दातावर उभ्या रेघा आहेत फक्त. हे काय असावं?

दातांचा_मास्तर

तपासल्याशिवाय ठामपणे बोलणार नाही, पण सगळे दात, दुधाचे आणि पक्के दोन्ही, आणि घराण्यात चालत आलेलं म्हणजे अमेलोजेनेसिस इम्परफेक्टाचा विचार करावा लागतो. यात सेंट्रिंग बनवायच्या किंवा ते काढायच्या जीनमध्येच बिघाड असतो, अमेलोजेनिनचा जीन, इनॅमेलिनचा, एमएमपी२०चा, केएलके४चा, आणखीही आहेत.

अमेलोजेनिनचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, वायवरही त्याची एक प्रत असते पण ती फार कमी काम करते. पुरुषाकडे एक्स एकच, तो बिघडला तर सगळंच इनॅमल बिघडतं. बाईकडे दोन एक्स, आणि प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच चालू असतो. म्हणून काही पेशींनी चांगलं इनॅमल टाकलं, शेजारच्या पेशींनी खराब, आणि दातावर उभे पट्टे उमटले. बहिणीच्या रेघा तशा असतील तर ती मोठी खूण आहे.

पण एक गोष्ट जुळत नाही, बाप आपला एक्स मुलाला देत नाही, फक्त मुलींना देतो. वडिलांकडून तुमच्याकडे हे आलं असेल तर एक्सवरचा जीन नसावा, दुसरा कुठला असावा. आईकडच्या लोकांचे दात कसे आहेत तेही बघा. कुटुंबाचा तक्ता काढून डॉक्टरकडे न्या, आजी-आजोबांपर्यंत.

खामल्याचा_भाऊ

आईच्या वडिलांचे दात फार लवकर पडले होते एवढं ऐकून आहे. मामांना फोन करतो आजच.

हाडं_आणि_दात

मी पुरातत्त्व शिकतेय, नागपूर विद्यापीठातच. अमेलोजेनिन एक्स आणि वाय दोन्हीवर आहे, आणि दोन्ही प्रती थोड्या वेगळ्या आहेत, यावर आमच्याकडे केवढं काम चाललंय ते सांगायचा मोह आवरत नाही.

सरांनी तो जो १ टक्का सांगितला ना, तो स्फटिकांच्या मधे बंद होऊन जातो. हाड कुजतं, डीएनए तुटतो, विशेषतः आपल्यासारख्या गरम प्रदेशात, पण इनॅमलमधले ते प्रोटीनचे तुकडे टिकतात. इटलीत मोदेनाला हातात हात घेऊन पुरलेले दोन सांगाडे सापडले होते, सगळे त्यांना प्रेमी युगुल म्हणायचे, स्त्री-पुरुष धरून. २०१९ मध्ये दातातल्या अमेलोजेनिनवरून कळलं की दोघंही पुरुष. उलटं स्पेनमध्ये झालं, जवळपास ५००० वर्षांपूर्वीचं हस्तिदंताच्या वस्तूंसकट पुरलेलं एक मोठं दफन, सगळ्यांनी गृहीत धरलं की हा कुणीतरी सरदार पुरुष. २०२३ मध्ये इनॅमलने सांगितलं ती बाई होती.

आणि वय तर विचारू नका. चीनमधल्या जायगँटोपिथेकस या प्रचंड वानराच्या १९ लाख वर्षं जुन्या दाढेतून प्रोटीन काढून २०१९ मध्ये कळलं की तो ओरांगउटानच्या जवळचा. २०२५ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या हॉटन विवरातल्या गेंड्याच्या दातातून २ कोटी १० लाख वर्षांहून जुनी प्रोटीनं वाचली गेली. डीएनए इतका मागे जाऊच शकत नाही. आपल्याकडे माहूरझरी, जुनापाणीला शिलावर्तुळं आहेत, महापाषाणकालीन लोकांची, मला फार वाटतं की विदर्भातल्या अशा दफनांतल्या दातांवर हे काम व्हावं.

पाण्याचा_हिशोब

पोलीस केसमध्येही दातावरून, रक्तावरून स्त्री की पुरुष हे ठरवायला हाच जीन बघतात ना?

हाडं_आणि_दात

हो काका, डीएनएच्या चाचणीत. एक्सवरच्या प्रतीत ६ अक्षरं कमी आहेत, त्यामुळे तुकड्याची लांबी वेगळी येते, १०६ आणि ११२. दोन लांबी मिळाल्या तर पुरुष, एकच मिळाली तर स्त्री. पण काही भारतीय पुरुषांत वायवरचा तो भागच गळालेला असतो, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये हे दाखवलं. अशा माणसाचा नमुना बाईचा म्हणून निघेल. म्हणून नुसत्या या एका जीनवर निकाल द्यायचा नाही, वायवरच्या आणखी खुणा बघायच्या.

महालातल्या_काकू

मुलांनो मी सगळं वाचलं, छान लिहिता. माझा प्रश्न साधा आहे. हिरडीच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी एक जेल सांगितलंय, इनॅमलच्या प्रोटीनचं म्हणे. ते कशापासून बनतं? आमच्याकडे मांसाहार चालत नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलंय की केसांपासून टूथपेस्ट निघाली आणि झिजलेलं इनॅमल परत येतं, ते खरं का?

बालदंत_धरमपेठ

काकू, विचारलंत ते बरं केलंत. हिरडीच्या शस्त्रक्रियेत वापरतात ते इनॅमल मॅट्रिक्सचं जेल डुकराच्या पिल्लांच्या उगवत्या दातांतून काढलेलं असतं, त्यात मुख्य अमेलोजेनिनच. इनॅमल वाढवायला ते नसतं, मुळाभोवतीचं हाड आणि धागे परत यावेत म्हणून लावतात, आणि त्याचा उपयोग होतो. पण पेशंटला आधी स्पष्ट सांगून विचारायलाच हवं असं माझं मत आहे. तुम्ही डॉक्टरांना सांगा, दुसरे पर्याय असतात.

केसांचं: २०२५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लोकरीतून काढलेल्या केराटिनवर काम झालं, दातावर ते पसरलं की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट धरून त्याचा इनॅमलसारखा थर तयार होतो. काम खरं आहे पण प्रयोगशाळेतलं. दुकानात कुणी आज त्या नावाने काही विकत असेल तर घेऊ नका.

दातांचा_मास्तर

काकू, तोवर देवाने दिलेलं एक प्रोटीनचं औषध फुकटात आहे, लाळ. ब्रश केल्यावर काही मिनिटांतच लाळेतली प्रोटीनं दातावर पातळ थर धरतात. त्यात स्टॅथेरिन नावाचं एक आहे, त्याच्यामुळे लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट भरपूर राहतं आणि तरी दगडासारखं जमत नाही, दाताला लागेल तेव्हा मिळतं. तोंड आंबट होऊन पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, लाळ तो परत वर आणते. म्हणून संत्री खाल्ली की लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, साध्या पाण्याने चूळ भरा. संत्री सोडायची गरज नाही, नागपुरात राहून ते जमणारही नाही. ज्यांच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं त्यांनी मात्र डॉक्टरांना सांगावं.

मानेवाड्याची_आई

आज दाखवून आलो. टोपी बसवायचं ठरलंय, पुढच्या आठवड्यात. सुन्न होत नाही हे मी आधीच सांगितलं तर डॉक्टर म्हणाल्या बरं केलं सांगितलं, त्या तयारीने करू. वरच्या दोन दाढा अजून अर्ध्या हिरडीत आहेत, त्यांच्यावरही फिकट डाग दिसतोय म्हणे. आणि धाकटा वर्षाचा आहे, त्याच्यासाठी आतापासून काही करता येईल का?

बालदंत_धरमपेठ

वरच्या दाढा पूर्ण यायची वाट बघू नका. जेवढी दिसते तेवढ्यावर आत्ताच ग्लास आयनोमरचा लेप लावून घ्या, कोपरे उडायच्या आधी, आणि दर तीन महिन्यांनी दाखवा.

धाकट्याच्या दाढा आत्ता बनतायत, बाहेरून त्यात काही घालता येत नाही. लसी वेळेवर, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, व्हिटॅमिन डी डॉक्टर सांगतील तसं, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. माहेरी बोअरचं पाणी असेल आणि तिथे राहणं होत असेल तर ते एकदा तपासून घ्या. दुधाची शेवटची दाढ, दुसऱ्या वर्षानंतर येते ती, तिच्यावर असा कडेचा डाग दिसला तर लगेच घेऊन या, अशा मुलांत पुढे पक्क्या दाढेवर एमआयएच निघायची शक्यता जास्त असते.

मानेवाड्याची_आई

माहेर उमरेडच्या पुढे आहे, बोअरच आहे. बाटली प्लास्टिकची न्यायची ना?

पाण्याचा_हिशोब

हो ताई, प्लास्टिकचीच, लिटरभराची. वर गावाचं नाव, बोअर कोणाच्या वावरातला की घरचा, आणि तारीख लिहून चिकटवा.